तळाशी

मी मशीन दुरुस्त करतो, चव हे माझं खातं नाही.
तरी सांगतो, कारण दुकान उघडलं त्या दिवशी
पाना घेऊन मीच आत होतो,
सालेलोलोंगाच्या धक्क्यासमोर, फेरीबोट लागते तिथे.

ऑकलंडहून अठ्ठावीस चवी आल्या, गोठलेल्या, लेबलांसकट.
त्यात एक ‘हिवाळी बेरी’.
फुआतिनोला काउंटरवर जो तो विचारी, हिवाळा कसा लागतो?
ती म्हणे, दीर फोटो पाठवतो ना जाकीट घालून, तसा.
लोक हसत, लाकडी चमच्याने चाखून बघत,
आणि बाहेर पडून नारळ फोडून घेत.

मग मुख्य कचेरीतून एलिनर आली.
उन्हाने नाक सोललेलं, हातात वही,
वहीवर लिहिलेलं: बेटाची आवड.
पहिल्याच आठवड्यात तिने पपई लावली.
पपई!
आमच्याकडे ती डुकरं खातात.
रात्री परसात पडते, धप्प,
कूस बदलून आम्ही पुन्हा झोपतो.
जे फुकट पडतं त्याला पाच ताला कोण मोजणार?
मग जास्वंदीचं गुलाबी काहीतरी.
फुआतिनोच्या धाकट्याने एक घास घेतला,
म्हणाला, साबण.

रविवारी दुकान बंद. सगळंच बंद असतं.
लेउतेने, फुआतिनोच्या सासूने, एलिनरला जेवायला बसवलं,
आणि शेवटी किटलीतून कोको ओतला,
काळाकुट्ट, कढत, घरी भाजून घरीच कुटलेला.
एलिनर प्याली, खूश झाली,
तळाशी बोटभर चोथा ठेवून पेला खाली ठेवला.
म्हातारीने तो पेला उचलला,
बोट फिरवून तळ पुसून खाल्ला
आणि कुणाकडेच न बघता म्हणाली,
शेवटचं स्तोत्र व्हायच्या आधी
चर्चमधून उठून जायचं नसतं.

सोमवारी कोको मशीनमध्ये पडला.
मंगळवारी मला फोन.
पात्याखाली कण अडकलेले, मोटर रडत होती.
ऑकलंडने कळवलं: गाळून घ्या.
घेतलं गाळून. रेशमासारखं झालं, दिसायलाही देखणं.
लेउते आली, बाकावर बसली, पूर्ण कप खाल्ला,
मग चमचा तळावर घासत राहिली,
खरड, खरड,
रिकाम्या कागदावर.
‘तळ कुठे गेला?’
तिच्या मागे रांगेत सात जण होते.
सातही जणांनी पैसे परत खिशात ठेवले.

एलिनर माझ्याकडे आली तेव्हा तिची वही मिटलेली होती.
मी म्हणालो, पातं सरकवता येतं.
किती?
अर्धा मिलिमीटर. पण सील तुटेल, वॉरंटी जाईल.
ती बराच वेळ फेरीबोटीकडे बघत होती,
बोटीतून गाद्या उतरत होत्या, एक शवपेटी, तांदळाची पोती.
मग म्हणाली, मी जरा पाय मोकळे करून येते.

ती परत आली तेव्हा मी हात धुत होतो.

आता लेउतेच कोको कुटते, किलोमागे पैसे घेते,
आणि कमी भाजलेला असेल तर स्वतःच माघारी नेते.
कुणाच्या घरी मयत झालं की चाळीस लिटरची मागणी येते,
त्या मापाचा डबा कंपनीकडे नाही,
आम्ही रंगाच्या बादल्या उकळून वापरतो.
हे एलिनरला माहीत आहे. कचेरीला नाही.
पपईचे नऊ डबे अजून मागच्या फ्रीझरमध्ये आहेत,
हिशेबात ते ‘विक्रीयोग्य’.

परवा वीज गेली, चार तास.
फुआतिनोने शटर वर केलं, वितळायच्या आत वाटून टाकलं.
अंधारात धक्क्यावर ओळीने बसलेली माणसं,
कुणाचा चेहरा दिसत नव्हता,
बोलणंही नव्हतं,
नुसते दात वाजत होते, चोथ्यावर, बारीक,
आणि मला, मशीनच्या माणसाला,
आवाजावरून कळलं
पातं बरोबर बसलंय.